मंगळवार, शुक्रवार, दुपारी तीन

पारनेरात विजयमालाबाईंच्या घरी देव्हाऱ्याच्या खालोखाल मान कशाला असेल, तर तो बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला. त्याच्यावर त्यांनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल असायचा. कुणी पाहुण्याने त्याच्या टेबलावर चहाची कपबशी टेकवली, की बाई काही न बोलता ती उचलून तिपाईवर ठेवायच्या. टेबलाखाली तारांची गुंतवळ होती, तिथे केरसुणी कधी गेली नाही. तेवढा कोपरा त्या गुडघे टेकून फडक्याने पुसून घेत. शेजारणीने एकदा विचारलंच, ‘‘काकू, त्याला बी निवद दाखवता का काय?’’ तर बाई म्हणाल्या, ‘‘माझी लेक बोलती त्यातनं. तुजी बोलती का फ्रिजातनं?’’

बोलत होती हे खरं होतं. भारती त्यांची एकुलती एक. नगरला कॉलेज करता करता तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला, तिथल्याच क्लासात दोन वर्षं शिकवलं, आणि त्याच काळात हे मशीन घरी आलं. अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. हडपसरचं स्थळ, मुलगा तुषार, कंपनीत पाळीची नोकरी, घरात तो आणि त्याची आई, सुमनबाई. मुलगा शिकलेला, घरात त्याचाही कॉम्प्युटर, आणखी काय पाहिजे, असं सगळे म्हणाले. विजयमालाबाईसुद्धा म्हणाल्या.

सासरी फोन होता, पण तो हॉलमध्ये. त्याच तारेला जोडलेला दुसरा फोन आतल्या खोलीत कॉम्प्युटरपाशी. भारती आतून माहेरी बोलू लागली, की हॉलमधला रिसीव्हर हळूच उचलला गेल्याचा टक आवाज यायचा, आणि मग पलीकडे कुणीतरी श्वास घेतंय एवढंच ऐकू यायचं. पहिल्या महिन्यात भारतीने आईला फोनवर स्वयंपाकाखेरीज काही सांगितलं नाही. दुसऱ्या महिन्यात ती चार दिवस माहेरी आली, मशीनपुढे बसली आणि आईला म्हणाली, आता बघ.

तिने केलं ते असं. पारनेरच्या मशीनला आणि फोनला जोडून मोडेम नावाची एक चपटी डबी होती, तिच्यावर लाल दिवे. ठरल्या वेळेला विजयमालाबाईंनी मशीन चालू करून ठेवायचं आणि फोनला हात लावायचा नाही. दोन घंट्या झाल्या की डबी स्वतःच फोन उचले. मग भारती हडपसरच्या मशीनवरून आपलं नाव आणि पासवर्ड घाली, आणि पारनेरचा कॉम्प्युटर जणू तिच्या पुढ्यात असल्यासारखा तिच्या हुकमात येई. पडद्यावर पत्राची फाइल आपोआप उघडायची आणि अक्षरं उमटू लागायची. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, पण मराठीच. बाई मॅट्रिक झालेल्या होत्या. एक एक कळ शोधत त्याही खाली उत्तर लिहीत. हॉलमधून कुणी रिसीव्हर उचललाच तर कानात नुसती करकर शिट्टी. सुमनबाई म्हणत, तुषारच्या कंपनीचं काम चाललंय वाटतं.

वेळ ठरली मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन. तेव्हा सुमनबाई झोपलेल्या असत.

‘‘नाव म्हणजे कोण आलंय ते,’’ भारतीने समजावलं होतं, ‘‘आणि पासवर्ड म्हणजे ती खरंच तीच आहे ना, त्याची खात्री.’’ बाईंना ते लगेच पटलं. दार वाजलं की आपण आतून ‘कोण’ म्हणतो, आणि ‘मी’ एवढ्या एका शब्दावरून माणूस ओळखतो, तसंच हे.

या दोन दुपारींचं त्यांना किती होतं, हे त्यांच्या यजमानांना, सूर्यभान सरांना, कधी नीट कळलं नाही. विजयमालाबाईंचं माहेर मिरजगाव. लग्न होऊन पारनेरला आल्या तेव्हा माहेरी पोस्टकार्ड जाई, आणि ते टाकायला नेण्याआधी सासरे चष्मा लावून ओसरीवर मोठ्याने वाचत. त्यात वाईट हेतू नव्हता, घरात एकच शिकलेला माणूस ते, अशी त्यांची समजूत. पण त्यामुळे सासरे गेले तोवर मिरजगावला ‘सर्व खुशाल आहे’ याखेरीज एक ओळ गेली नाही. बाळंतपणात पहिलं मूल गेलं तेव्हासुद्धा कार्डावर तेच होतं, सर्व खुशाल. आई वारल्यावर ट्रंकेत ती सगळी कार्डं सापडली. बाईंनी ती चुलीत घातली. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

म्हणून भारतीची अक्षरं पडद्यावर उमटायला लागली, की त्या पदराने हात पुसून, देवापुढे बसावं तशा ताठ बसत.

अक्षरांत मात्र खुशाली कमी होती. सासू भाजी मोजून देते. तुषार चिडला की दोन दोन दिवस बोलत नाही. नोकरी करू का म्हटलं तर दोघेही हसले. भारती तक्रार अशी करत नसे, हिशेब सांगावा तसं सांगे, आणि शेवटी ‘तू काळजी करू नको’ लिही. मग बाई रात्रीपर्यंत काळजी करत.

गौरीला भारती आली होती. तेव्हा सरांनी त्यातलं एक पत्र वाचलं. सर हायस्कुलात शास्त्र शिकवत. मनाने सरळ, पण जे तोंडावर यायचं ते वर्गात बोलावं तसं मोठ्याने बोलून मोकळं व्हायची सवय. म्हणाले, घरातली गोष्ट अशी लिहून ठेवतात का? जावयाच्या हाती लागलं म्हणजे? आणि मग म्हणाले ते भारतीच्या मनात जाऊन बसलं. ‘‘हे असंच चालणार असेल तर मी एक दिवस ती तार उपटून ठेवीन.’’ भारतीने ताटावरून मान वर केली नाही. बाईंनी विषय बदलला, पुरणपोळी वाढली, आणि ते तेवढ्यावर मिटलं असं धरून चालल्या.

घट बसल्यानंतर तीन दिवसांनी, गुरुवारी, भारतीचा फोन आला तो हडपसरच्या बाजारातल्या बूथवरून. मागे रिक्षांचा आवाज होता. तिने भराभर सांगितलं. हडपसरच्या मशीनवर पासवर्डची एक खूण राहून गेली होती, त्यामुळे ते मशीन पासवर्ड स्वतःच लक्षात ठेवी. तुषारला ते सापडलं. मंगळवारी तिचं लिहून झाल्यावर, पारनेरचं मशीन बंद व्हायच्या आत, त्याने फोन लावून तिचं एक पत्र वाचलं आणि रात्री जेवताना त्यातलं एक वाक्य तिलाच म्हणून दाखवलं.

‘‘आई, आजच पासवर्ड बदल. जुना काढ आणि कपिला टाक.’’ कपिला म्हणजे भारतीच्या लहानपणी दारात होती ती गाय. इंग्रजीत सहा अक्षरं. ‘‘तू बदललास की इकडे फोन कर आणि आत्यांना सणाच्या शुभेच्छा दे. त्यावरून मला कळेल. तोवर मी तिकडे येणार नाही.’’ सासूला ती आत्या म्हणे.

‘‘करते,’’ बाई म्हणाल्या.

आता इथे काय झालं ते सांगायला हवं. बाई विसरल्या नाहीत, आळसही केला नाही. फोन ठेवून त्या मशीनपाशी गेल्या, रुमाल काढला, आणि थांबल्या. पासवर्ड बदलायचा म्हणजे लेकीच्या दाराला नवं कुलूप घालायचं. घरात घट बसलेले, अखंड दिवा तेवतोय, आणि आठ दिवसांवर दसरा, साडेतीन मुहूर्तांतला एक. त्यांच्या घरात नवी चूल, नवं वासरू, नवी वही, सगळं दसऱ्यालाच. पहिला पासवर्ड अमावस्येला घातला होता, म्हणूनच तो असा बाधला, अशी एक रुखरुखही मनात होती. भारती तर म्हणाली होती की बदलेपर्यंत ती येणारच नाही. मग चार दिवस इकडे की तिकडे. त्यांनी रुमाल परत घातला.

मधल्या शुक्रवारी फोन वाजला नाही. मंगळवारी, सवयीने, त्यांनी तीनला मशीन लावलं. दोन घंट्या झाल्या, डबीने फोन उचलला, दिवे स्थिर झाले. बाई ताठ बसल्या. पडद्यावर फायली उघडत होत्या, मिटत होत्या, पण अक्षर एक उमटलं नाही. त्यांनीच लिहिलं, ‘भारती, बरी हायस ना?’ उत्तर नाही. पंधरा-वीस मिनिटांनी दिवे विझले. पोरीला राहवलं नसेल, त्यांना वाटलं, जुनी पत्रं वाचून गेली.

खंडेनवमीला सगळी अवजारं पाटावर मांडली. खुरपी, विळी, सरांची सायकल, त्यांची शाळेची वही आणि पट्टी, आणि कॉम्प्युटर. त्याच्या कळफलकावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं, कुंकवाच्या अक्षता. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही, म्हणून सर सकाळी शाळेला चालत गेले. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आपट्याची पानं वाटून झाल्यावर, विजयमालाबाई मशीनपुढे बसल्या. भारतीच्या कागदावर लिहून ठेवलेल्या पायऱ्या बघत जुना पासवर्ड काढला आणि नवा घातला. तिथे अक्षरं दिसत नाहीत, नुसत्या चांदण्या उमटतात. मशीनने पुन्हा एकदा मागितला, त्यांनी पुन्हा घातला. मशीन काही कुरकुरलं नाही. बाईंनी हडपसरला फोन लावला आणि सुमनबाईंना म्हणाल्या, ‘‘विहीणबाई, सोनं घ्या.’’

शुक्रवारी दोन ऑक्टोबर, सुट्टी, जावई घरी असणार. त्यामुळे सगळं वाट बघणं मंगळवारवर गेलं.

मंगळवारी तीनला घंटा झाली. डबीने फोन उचलला, शिट्टी वाजली, दिवे लागले, आणि विझले. पडद्यावर एक छोटी चौकट आली: इनव्हॅलिड लॉगिन. बाईंना पहिल्याने कळलंच नाही. परत घंटा. परत शिट्टी, परत तीच चौकट. तिसऱ्यांदा घंटा झाली तेव्हा त्यांनी न राहवून रिसीव्हर उचलला आणि डबीच्या त्या किंचाळण्यात ‘‘भारती, भारती, अगं मी हाय,’’ असं म्हणत राहिल्या. पलीकडे मशीन होतं, लेक नव्हती. शिट्टी तुटली. चौथ्यांदा फोन वाजला नाही.

लेक दाराशी येऊन तीनदा कडी वाजवून गेली, आणि आपण आतून नुसतं बघत बसलो. हे त्यांनी संध्याकाळी सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बरं झालं. निदान बाईंना तसं वाटलं.

त्यांनी जमेल ते करून पाहिलं. मोठ्या अक्षरांचा दिवा लागलेला राहिला का ते बघितलं, नव्हता. नाव बरोबर आहे का ते भारतीच्या कागदाशी ताडून पाहिलं, बरोबर होतं. पासवर्ड त्यांनी पुन्हा कपिला असाच, कळा शोधत शोधत घातला. मशीनने पुन्हा मुकाट्याने घेतला. सिद्धेश्वराला जाऊन आल्या. शुक्रवारी अडीचपासून मशीन लावून बसल्या. तीन वाजले, सव्वातीन, साडेचार. गल्लीत भंगारवाला येऊन गेला. फोन वाजलाच नाही, आणि हे कडी वाजण्यापेक्षा वाईट होतं.

शनिवारी त्यांनी हडपसरला फोन लावला. सुमनबाईंशी चकल्यांच्या भाजणीचं बोलणं झालं, पाच महिन्यांत जावई किती बारीक झालाय तेही झालं. मग भारती आली. बरी आहे म्हणाली. जेवली म्हणाली. हॉलमध्येच होती, उभी, ते आवाजावरून कळत होतं. बाईंनी विचारलं, काही हवं का? वडिलांना भारती नाना म्हणे.

‘‘नानांना सांग,’’ ती म्हणाली, ‘‘मला समजलं. ते म्हणाले होते तसंच केलं त्यांनी.’’

बाईंनी फोन ठेवला. ती वाक्यं त्यांनी फिरवून फिरवून पाहिली आणि मग गौरीच्या जेवणाचं ताट डोळ्यांपुढे आलं. ‘मी एक दिवस ती तार उपटून ठेवीन.’ पोरीला वाटत होतं की पासवर्ड बापाने बदलला. आईने कपिला घातला असेल, आणि मग बापाने तो काढून दुसरंच काही घातलं असेल. माहेरचं दार आतून बापाने लावून घेतलंय, असं समजून ती त्या हॉलमध्ये उभी होती.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बाईंनाही क्षणभर तेच खरं वाटलं.

सर शाळेतून आले, हातपाय धुतले, चहा मागितला. बाईंनी चहा दिला नाही.

‘‘अहो, खरं सांगा. तुमी त्या मशीनला हात लावला का?’’

‘‘कोणत्या?’’

‘‘तुमाला ठावं हाय कोणत्या.’’ मग त्यांनी सगळं सांगितलं. बूथवरचा फोन, कपिला, तीन घंट्या, कालचा रिकामा शुक्रवार, आजचा फोन. बोलताना आवाज चढत गेला, आणि शेवटी त्या म्हणाल्या, ‘‘माजी पोस्टकार्डं तुमच्या वडलांनी वाचली. हिची दारं तुमी लावा. म्हंजी झालं.’’

पंचवीस-सव्वीस वर्षांत हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. सर खुर्चीवर बसले होते ते उठले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला, की बाईंना आपल्या शब्दांची भीती वाटली.

‘‘मी बोललो होतो,’’ सर म्हणाले. ‘‘केलेलं काही नाही. शाळेत पोरांना रोज म्हणतो, तंगडी मोडीन. कुणाची मोडली आजवर?’’ मान वर करून म्हणाले, ‘‘तिला असं वाटलं व्हय? माझ्याबद्दल?’’

मग ते उठून मशीनपाशी गेले. शास्त्राचा मास्तर, अडलं की मुळापासून विचारायची सवय. तिने कोणत्या दिवशी सांगितलं? गुरुवारी. तू कोणत्या दिवशी बदललं? दसऱ्याला. मधल्या काळात मशीन लावलं होतं का? बाई म्हणाल्या, एकदा, मंगळवारी. पंधरा मिनिटं चालू होतं, पण भारतीने काही लिहिलं नाही.

‘‘ती येणार नाही म्हणाली होती ना?’’

‘‘व्हय.’’

‘‘मग आलं कोण?’’

पडद्यावर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या फायली बाईंना दिसू लागल्या. जुनं कुलूप तसंच होतं आणि त्याची किल्ली जावयाच्या मशीनवर होती. तीन महिन्यांची पत्रं. आणि आपण समोर ताठ बसून ‘बरी हायस ना’ असं विचारत होतो, ते कुणाला? पोरगी ‘आजच’ म्हणाली होती. देवीने काही मुहूर्त मागितला नव्हता. तो आपण आपल्याच मनाने तिच्यावर ठेवला.

सर काही बोलले नाहीत. दुसरा कुणी असता तर बोलला असता, आणि एरवी तेही बोलले असते. त्यांनी एवढंच म्हटलं, ‘‘आता चांदण्यांत घालू नकोस. दिसेल अशा जागी घालून दाखव.’’

बाईंनी पत्राची कोरी फाइल उघडली आणि एकेक कळ दाबत कपिला लिहिलं. पडद्यावर पाच अक्षरं आली. त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं. पाचच. एल उमटत नव्हता. कळ दाबली तर मध्येच अडे, खाली जाईच ना.

सरांनी कळफलक उचलला, जुन्या वर्तमानपत्रावर उलटा धरला आणि पाठीवर हलके थोपटला. हळद सांडली, कुंकू सांडलं, झेंडूची एक वाळकी पाकळी आली. मग त्यांनी खिशातल्या पेनाचं टोक घालून ती कळ उचकटली. खाली तांदळाचा एक लाल दाणा होता.

म्हणजे दसऱ्याला बाईंनी घातलेला शब्द पाचच अक्षरी होता, दोन्ही वेळेला. मशीनने तोच खरा मानला होता. भारती तिकडून सहा अक्षरं घालत होती आणि मशीन तिला ओळखत नव्हतं. इतकंच. कुणी काही उपटलं नव्हतं.

बाईंनी तो दाणा उचलून तुळशीत टाकला, कारण अक्षता केरात टाकत नाहीत. मग त्यांनी पासवर्ड पुन्हा घातला, आणि या वेळी चांदण्या बोटाने मोजल्या. सहा.

आता हे हडपसरला कळवायचं कसं? बाई म्हणाल्या, मी फोन करते, सणाचं काहीतरी निमित्त काढते, आडून सांगते. सर म्हणाले, आडून सांगून तिला खरं वाटणार नाही. ती माझ्यावर रुसलीय. मीच बोलायला पाहिजे.

सर फोनवर बोलत नसत. बोलले तर ‘तब्येत?’ आणि ‘ठेवतो.’ रविवारी सकाळी, घरात सगळे असणार अशा वेळी, त्यांनी मुद्दाम फोन लावला. तुषारने उचलला. सरांनी त्याच्याशी दोन शब्द केले, भारतीला द्या म्हणाले, आणि ती आतल्या फोनवर आली तेव्हा हॉलमधला टक आवाज त्यांनी स्पष्ट ऐकला. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

‘‘भारती, ऐक. मी काही बंद केलेलं नाही आणि करणारही नाही. गौरीला बोललो ते बोलायला नको होतं. आईच्या हातून एक कळ अडकली होती, ती काल सुटली.’’ सर दम खायला थांबले. ‘‘आणि विहीणबाई, तुम्हीही ऐकताय ते बरंच झालं. दिवाळसणाचं आमंत्रण तुम्हाला वेगळं करायला नको.’’

पलीकडे रिसीव्हर आपटल्याचा आवाज झाला. भारतीचा हुंदका होता की हसू, सरांना कळलं नाही. त्यांनी ‘ठेवतो’ म्हणून फोन ठेवला, आणि नंतर तासभर ते अंगणात सायकलची साखळी पुसत बसले, जी मुळात स्वच्छ होती.

मंगळवारी सर अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. अडीचला वीज गेली. बाई देवापुढे जाऊन बसल्या. सरांनी वीज मंडळातल्या ओळखीच्या माणसाला गाठायला सायकल काढली, पण फाटकातच होते तोवर वीज आली. तीनला पाच कमी असताना मशीन लागलं.

तीनला घंटा झाली. दुसरी झाली. डबीने फोन उचलला, शिट्टी वाजली, दिवे लुकलुकले आणि स्थिर झाले. चौकट आली नाही. पत्राची फाइल उघडली.

‘आई,’ असं उमटलं.

बाईंनी कळफलक जवळ ओढला. त्यांना खूप लिहायचं होतं, पण बोटं सापडेनात. शेवटी लिहिलं: ‘चूक माझी. तू आजच म्हणालीस. मी दसऱ्यापर्यंत थांबले. मधल्या मंगळवारी कोण आलं ते आता कळलं.’

मग भारतीने त्यावर एक अक्षर न लिहिता पुढचं सुरू केलं. तुषारने सगळी पत्रं छापून घेतली होती. कागद आत्यांच्या कपाटात होते. नवमीपासून घरात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. तिच्यापुढे ताट ठेवत आणि निघून जात. दिवाळसणाला जायचं नाही असं रविवारी ठरलं. काल आत्यांनी शेजारणीला बोलावून त्यातलं एक पत्र तिच्यासमोर वाचलं.

अक्षरं थांबली. मग एक ओळ आली.

‘मी तिकडे आले तर चालेल का? सणापुरती नाही.’

बाई ते वाचून सरांकडे वळल्या. सर त्यांच्या मागे उभे होते, चष्मा कपाळावर सरकवून. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली असावी, कारण ओठ हलत होते. लोक काय म्हणतील, जावई काय म्हणेल, शाळेत काय सांगायचं, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं; बाईंना ते ओळीने दिसलं. त्यांनी काही विचारलं नाही. या एका गोष्टीत त्या यजमानांच्या वतीने उत्तर देणार नव्हत्या, आणि सरांनी नाही म्हटलं तर काय करायचं तेही त्यांनी मनात ठरवलं होतं.

‘‘सरक जरा,’’ सर म्हणाले.

ते बसले. या मशीनवर त्यांनी आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. एका बोटाने, कळ सापडली की खात्री करून, फळ्यावर लिहावं तसं सावकाश त्यांनी लिहिलं: ‘उद्या पहिल्या गाडीने मी येतो. बॅग भरून ठेव. नाना.’ मग थोडं थांबून खाली जोडलं: ‘ते कागदही घेऊन येऊ.’

तिकडून काही उमटलं नाही. दिवे मात्र लागलेले होते. सर पडद्याकडे बघत राहिले.

‘‘आहे का ती अजून?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हाय,’’ विजयमालाबाई म्हणाल्या. ‘‘दिवा स्थिर हाय. बसा तुमी. मी चहा टाकते.’’